हृदयाचे दुखणे अ‍ॅलर्जीतून आले असेल का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: सत्तावन्न वर्षांच्या एका भगिनींनी लिहिले आहे. त्यांना लहानपणापासून सर्दी, शिंका आणि दम्याचा त्रास आहे. रक्तदाबाचे औषध आठ वर्षांपासून चालू आहे. चौदा महिन्यांपूर्वी छातीत दुखले, अँजिओग्राफीत हृदयाच्या एका धमनीत मोठा अडथळा दिसला आणि स्टेंट बसवावा लागला. तेव्हापासून त्या अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध) आणि बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उतरवणारे औषध) घेत आहेत. कोलेस्टेरॉल ‘फारसे वाढलेले नव्हते’, असे त्यांना सांगण्यात आले होते. अलीकडे अ‍ॅलर्जीच्या दाहाने हृदयाच्या धमन्या बिघडतात असे त्यांच्या वाचनात आले. त्यांनी स्वतःहून रक्ततपासणी करून घेतली, तर एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंड) ६४० निघाले. ‘मूळ रोग अ‍ॅलर्जीचा आणि औषध मात्र कोलेस्टेरॉलचे, असे तर माझे झाले नाही ना?’ असे त्या विचारतात. पाय दुखतात म्हणून स्टॅटिन बंद करावे आणि आयजीईला अडवणारे इंजेक्शन मागून घ्यावे, असे त्यांच्या मनात आहे. मुलीला ते मान्य नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिले आहे की तीन महिन्यांपूर्वी गुडघ्यासाठी एक वेदनाशामक गोळी घेतली, तेव्हा ‘अंगभर पित्त उठले, छाती आवळल्यासारखी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण तासाभरात बरे वाटले, म्हणून कोणाला सांगितले नाही’.

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात माझे लक्ष आयजीईच्या आकड्याकडे गेले, कारण तुम्ही तो ठळक अक्षरांत लिहिला आहे. दुसऱ्या वाचनात मात्र मी शेवटच्या वाक्यापाशी थांबले, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. त्याकडे मी येणारच आहे. पण तुमची शंका आधी घेते, कारण ती उडवून लावण्यासारखी नाही.

धमनीचा रोग म्हणजे नळात गाळ साचतो तसा चरबीचा थर, ही समजूत आता वैद्यकशास्त्रात कोणी धरून बसलेले नाही. रुडॉल्फ फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच या रोगाकडे दाह म्हणून पाहिले होते, आणि १९९९ साली रसेल रॉस यांनी धमनीकाठिण्य हा दाहाचाच रोग आहे असे स्पष्ट शब्दांत मांडले. पुरावा त्यानंतर आला. आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि रक्तातील सीआरपी हा दाहदर्शक घटक २ किंवा त्याहून अधिक असलेल्या दहा हजारांहून जास्त रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. इंटरल्यूकिन-१ बीटा या दाहकारक रेणूला अडवणारे औषध देऊन, वाईट कोलेस्टेरॉलला धक्काही न लावता, पुढचे झटके आणि तत्सम घटना मधल्या मात्रेच्या गटात सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्या. त्याच वेळी जीवघेण्या जंतुसंसर्गाचे प्रमाण वाढले, हेही विसरता येत नाही. त्यानंतर वर्षभराने मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या दाहशामक औषधाची चाचणी झाली आणि तिच्यात हृदयाला काहीच लाभ दिसला नाही. म्हणजे ‘दाह’ या एका शब्दाखाली अनेक वेगवेगळ्या गोष्टी नांदतात. एक दाबली म्हणून दुसरी दबते असे नाही, आणि एका दाहाचे मोजमाप दुसऱ्याला लागू पडत नाही.

मग अ‍ॅलर्जीचा दाह यांत कुठे बसतो? त्यातले मुख्य पात्र म्हणजे मास्ट पेशी. पॉल एर्लिख यांनी विद्यार्थिदशेत, १८७८ साली, त्या ओळखल्या आणि त्यांना नाव दिले. या पेशी त्वचेत, नाकात आणि श्वासनलिकांत असतात हे सर्वांना ठाऊक असते. त्या हृदयातही, विशेषतः धमन्यांभोवती, असतात हे फारसे सांगितले जात नाही. प्रत्येक पेशीच्या पोटात दाणे भरलेले असतात आणि त्या दाण्यांत हिस्टामिन, ट्रिप्टेज, कायमेज अशी द्रव्ये. अ‍ॅलर्जीचा पदार्थ शरीरात शिरून पेशीवर बसलेल्या आयजीईला जोडला गेला, की हे दाणे काही मिनिटांत बाहेर फेकले जातात. हिस्टामिन काही माणसांत हृदयाची धमनी आवळून टाकते आणि रक्तातील प्लेटलेट चिकट करते. कायमेज अँजिओटेन्सिन-२ तयार करते, तेही धमनी आवळणारेच. ट्रिप्टेज आणि कायमेज मिळून धमनीच्या भिंतीतील चरबीच्या गाठीवरचे तंतुमय झाकण विरघळवणारी विकरे जागी करतात. फिनलंडमधील पेट्री कोव्हानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९०च्या दशकात उत्तेजित मास्ट पेशी नेमक्या या गाठींच्या कडांना, म्हणजे झाकण जिथे फाटते तिथेच, गोळा झालेल्या आढळल्या. तेव्हा तुम्ही जे वाचलेत त्याला आधार आहे.

परंतु इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, आणि तुमचा गोंधळ त्यातूनच आला आहे असे मला वाटते. एक आहे अ‍ॅलर्जीचा अचानक आलेला झटका, ज्यात मास्ट पेशी एकदम रिकाम्या होतात आणि हृदयाची धमनी मिनिटांत आवळते. दुसरी आहे वर्षानुवर्षे धुमसणारी अ‍ॅलर्जी, जी धमनीच्या रोगाला हळूहळू हातभार लावत असेल. पहिलीबद्दल वैद्यकशास्त्र खात्रीने बोलते. दुसरीबद्दल ते जपून बोलते. तुम्ही दुसरीबद्दल विचारले आहे आणि माहिती पहिलीची दिली आहे.

दुसरी गोष्ट आधी संपवते. कायम औषध लागणाऱ्या दम्याच्या रुग्णांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या घटना अधिक होतात, असे अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत दिसले; धोका सुमारे दीडपटीहून थोडा जास्त होता. अधूनमधून उठणाऱ्या दम्यात तसे ठामपणे दिसले नाही, आणि नुसत्या नाकाच्या अ‍ॅलर्जीबाबत तर अभ्यासांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय अशा पाहण्यांतून कारण सिद्ध होत नाही. अनावर दम्याच्या माणसाला पुन्हा पुन्हा पोटातून स्टेरॉइड घ्यावे लागते, त्याने साखर, रक्तदाब आणि वजन वाढते. दम लागतो म्हणून चालणे-फिरणे कमी होते. धुराने दमाही बिघडतो आणि धमन्याही. यांतला किती वाटा खुद्द अ‍ॅलर्जीचा, हे वेगळे काढणे अवघड आहे.

आणि आयजीई? ६४० हा आकडा प्रौढांसाठी वरचाच आहे, पण दमा आणि शिंकांची प्रकृती असलेल्या माणसात तो निघणे अगदी अपेक्षित आहे. पोटातील जंतांनी तो वाढतो, धूम्रपानानेही वाढतो. तो तुमच्या प्रकृतीचे वर्णन करतो. धमनीत काय चालले आहे ते सांगत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत आयजीईचा धमनीरोगाशी संबंध दिसला हे खरे. पण त्याच उंदरांच्या जगात अ‍ॅलर्जीशी निगडित असलेले इंटरल्यूकिन-५ आणि इंटरल्यूकिन-१३ हे रेणू धमनीला संरक्षण देताना दिसले. तुमच्या मनातल्या इंजेक्शनाची, म्हणजे ओमालिझुमॅबची, गोष्ट तर याहून बोलकी आहे. ते आयजीईला बांधून ठेवते आणि तीव्र अ‍ॅलर्जिक दम्यात चांगले काम करते. आयजीई हेच धमनीरोगाचे मूळ असते, तर त्याने झटके कमी व्हायला हवे होते. पण दीर्घ पाठपुराव्यात ते घेणाऱ्यांत हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या घटना किंचित जास्तच दिसल्या, आणि २०१४ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने तशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावली. ती वाढ औषधाने झाली की ते घेणाऱ्यांचा दमा मुळात अधिक तीव्र होता म्हणून, यावर वाद आहे. तुमचा दमा श्वासातून घ्यायच्या औषधांनी खरोखरच आवरत नसेल, तर दम्यासाठी या इंजेक्शनाचा विचार जरूर व्हावा, आणि तेव्हा स्टेंटची माहिती समोर ठेवूनच व्हावा. हृदयाच्या रक्षणासाठी म्हणून ते मागू नका.

आता ‘मूळ रोग’ या शब्दाविषयी. तुमच्या सगळ्या पत्राच्या तळाशी अशी धारणा आहे की रोगाला एकच मूळ असते, आणि ते सापडले की बाकीचे उपचार निरर्थक ठरतात. ती मला तपासून पाहावीशी वाटते. बावन्न देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याच्या धोक्याचा ९० टक्क्यांहून अधिक भाग नऊ परिचित कारणांशी जोडता आला: धूम्रपान, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची पद्धत. त्या यादीतला रक्तदाब तुम्हाला आठ वर्षे आहे. तो तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत उरकलात आणि अ‍ॅलर्जीला दोन पाने दिलीत! आपल्याला जे आयुष्यभर छळत आले त्यालाच आपण प्रत्येक दुखण्याचे मूळ समजू लागतो. त्यात दोष नाही, पण धमनीला आपल्या चरित्राशी कर्तव्य नसते.

स्टॅटिनला ‘कोलेस्टेरॉलचे औषध’ म्हणून बाजूला काढणेही तितके सरळ नाही. स्टॅटिनने सीआरपीही उतरतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वाईट कोलेस्टेरॉल १३०च्या आत पण सीआरपी २ किंवा अधिक असलेल्या सतरा हजारांहून जास्त निरोगी व्यक्तींपैकी निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन दिले, तेव्हा हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. तो लाभ दाह उतरल्याने किती आणि कोलेस्टेरॉल उतरल्याने किती, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. गोळी घेणाऱ्याला मात्र दोन्ही मिळतात. आणि ‘कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नव्हते’ हे वाक्य स्टेंट बसण्यापूर्वीच्या मोजपट्टीतले आहे. धमनीरोग सिद्ध झाल्यावर वाईट कोलेस्टेरॉल ७०च्या खाली, आणि युरोपीय मार्गदर्शनानुसार ५५च्या खाली, आणायचे असते. पाय दुखत असतील तर ते खरे दुखणे आहे, ते सोसत बसू नका. पण त्याचा मार्ग गोळी गुपचूप बंद करणे हा नाही. स्नायूंची एक साधी रक्ततपासणी, मात्रा कमी करणे, दुसरे स्टॅटिन, किंवा वेगळ्या गटातले औषध, इतके पर्याय तुमच्या डॉक्टरांकडे आहेत.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते.

१९९१ साली ग्रीसमधील निकोलस कौनिस आणि जॉर्ज झावरास यांनी अ‍ॅलर्जीच्या झटक्यासोबत येणाऱ्या हृदयशूलाचे वर्णन केले. आज ते कौनिस सिंड्रोम या नावाने ओळखले जाते. त्याचे तीन प्रकार मानतात. पहिल्यात धमन्या निरोगी असतात, पण अ‍ॅलर्जीच्या वेळी त्या आवळतात. दुसऱ्यात धमनीत आधीच असलेली चरबीची गाठ झिजते किंवा फुटते आणि झटका येतो. तिसऱ्यात बसवलेल्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होते किंवा तो पुन्हा अरुंद होतो, आणि तिथे मास्ट पेशी आणि इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) सापडतात. निमित्त होणाऱ्या गोष्टींत प्रतिजैविके, वेदनाशामके, गांधीलमाशी-मधमाशीचे दंश आणि तपासणीसाठी टोचली जाणारी काही द्रव्ये येतात. गोळी, मग अंगभर गांधी, मग छाती आवळणे आणि अंधारी, हा तुम्ही लिहिलेला क्रम या वर्णनाशी जुळतो. तुम्हाला कौनिस सिंड्रोमच झाला असे मी म्हणत नाही; त्या क्षणीचा ईसीजी आणि रक्त हाती नसताना ते कोणीच म्हणू शकणार नाही. पण ती अ‍ॅलर्जीची गंभीर प्रतिक्रिया होती असे धरून चालणे भाग आहे, आणि स्टेंट असलेल्या माणसात ती पुन्हा होऊ देणे परवडणारे नाही.

ही घटना तुमच्या हातून निसटली याचे एक कारण आपल्या भाषेत आहे, असे मला राहून राहून वाटते. अंगावर गांधी उठल्या तरी आपण ‘पित्त उठले’ म्हणतो आणि छातीत जळजळले तरी ‘पित्त झाले’ म्हणतो. दोन्ही एकत्र आले की एकाच शब्दात सगळे बसून जाते, आम्लपित्ताची गोळी घेतली जाते, आणि हृदयाचा विचार मनाला शिवतही नाही. गांधींचा पोटातील आम्लाशी संबंध नसतो. ते मास्ट पेशींचे काम आहे. ज्यांना हृदयरोग आहे त्यांनी तरी डॉक्टरांशी बोलताना ‘पित्त’ हा शब्द टाळून नेमके काय झाले ते सांगावे.

तुम्ही काय करावे? ती वेदनाशामक गोळी पुन्हा घेऊ नका, आणि त्याच गटातली दुसरीही स्वतःच्या मनाने घेऊन पाहू नका. दम्याच्या काही रुग्णांना, विशेषतः नाकात मांसल वाढ असणाऱ्यांना, अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या भाऊबंद वेदनाशामकांचे एकत्रित वावडे असते. प्रौढ दमेकऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के आहे. तुम्ही रोज अ‍ॅस्पिरिन घेता आणि त्याने काही झालेले दिसत नाही, ही बारीकशी पण मोलाची माहिती आहे. तिचा अर्थ अ‍ॅलर्जीतज्ज्ञ लावतील. घाबरून अ‍ॅस्पिरिन बंद करू नका, कारण स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका त्याने वाढेल. ते खरोखरच सोसत नसल्याचे ठरले, तरी देखरेखीखाली हळूहळू मात्रा वाढवत शरीराला सवय लावण्याची पद्धत आहे. अ‍ॅलर्जीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी या गटातली बहुतेक वेदनाशामके हृदयरोग्यांना झटक्याचा धोका वाढवतात, आणि आयब्युप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनच्या कामात आडवे येते. गुडघ्यासाठी काय घ्यावे हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

ही हकीकत हृदयरोगतज्ज्ञ आणि अ‍ॅलर्जीतज्ज्ञ या दोघांनाही सांगा. एकाला सांगितले की दुसऱ्याला कळेल असे समजू नका. बरे असताना एकदा रक्तातील ट्रिप्टेज मोजून ठेवण्याविषयी विचारा. पुढे असा प्रसंग आलाच, तर एक-दोन तासांच्या सुमारास घेतलेले ट्रिप्टेज त्या मूळ आकड्याशी ताडून पाहता येते आणि मास्ट पेशी फुटल्या होत्या का हे बऱ्यापैकी कळते. तुम्ही बीटा-ब्लॉकर घेता हेही महत्त्वाचे आहे: ते घेणाऱ्यांत अ‍ॅलर्जीच्या तीव्र झटक्यात अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम कमी होऊ शकतो आणि अशा वेळी डॉक्टर ग्लुकागॉन या दुसऱ्या औषधाचा आधार घेतात. म्हणून रुग्णालयात पोहोचताच ‘मी बीटा-ब्लॉकरवर आहे, मला स्टेंट आहे’ हे सांगायला हवे, आणि बोलता आले नाही तर ते कागदावर असायला हवे. ही गोळीही आपण होऊन थांबवायची नाही. दम्याचा त्रास वाढला असेल तर ती हृदयापुरती काम करणाऱ्या प्रकारातली आहे ना, एवढे विचारा.

हृदयरोग्याला अ‍ॅड्रेनलिन चालतच नाही, असा एक समज आहे. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे श्वास कोंडणे, रक्तदाब कोसळणे अशा जीवघेण्या प्रतिक्रियेत, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनलिन हाच पहिला उपचार आहे, आणि हृदयरोग असला म्हणून तो पूर्णपणे वर्ज्य ठरत नाही. धमनी आवळलेल्या हृदयावर अ‍ॅड्रेनलिनचा ताण येऊ शकतो, हेही खरे; त्यामुळे तुमच्याजवळ त्याचे तयार इंजेक्शन असावे का, हे दोन्ही तज्ज्ञांनी आधीच, शांतपणे, मिळून ठरवलेले बरे.

रोजच्या सर्दीविषयी थोडे सांगते, कारण इथे चूक होण्याची शक्यता तुमच्यासारख्या कितीतरी वाचकांना आहे. फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन, सेटिरिझिन ही आजची हिस्टामिनविरोधी औषधे हृदयरोग्यांना सहसा चालतात. (हृदयाची लय बिघडवणारी टर्फेनाडिन आणि अ‍ॅस्टेमिझोल ही जुनी औषधे १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या बाजारातून गेली, त्यांची धास्ती मात्र मागे उरली.) धोका असतो तो त्याच गोळीत मिसळलेल्या नाक मोकळे करणाऱ्या द्रव्यात. स्यूडोएफेड्रिन आणि फेनिलएफ्रिन रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब वाढवू शकतात, तेव्हा पाकिटावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय सर्दीची कोणतीही गोळी घेऊ नका. नाकात फवारायचे स्टेरॉइड त्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. दम्यासाठी श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड नेमाने घ्या. ते टाळल्याने दमा उसळतो, मग पोटातून स्टेरॉइड घ्यावे लागते, आणि हृदयाचे खरे नुकसान त्या वाटेने होते. तात्पुरत्या आरामाचा पंप वारंवार लागू लागला, तर तो दमा हाताबाहेर चालल्याचा इशारा समजा.

छाती आवळली की तो दमा की हृदय, हे घरी बसून ओळखण्याचा आग्रह धरू नका. पंप घेऊनही आवळणे थांबत नसेल, घाम फुटत असेल, वेदना हातात किंवा जबड्यात जात असेल, किंवा सोबत अंगावर गांधी असतील, तर पंपाचे फवारे मोजत न बसता तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. दमा अलीकडे वाढत गेला असेल आणि रक्तात इओसिनोफिल फार वाढलेले निघत असतील, तर तेही हृदयरोगतज्ज्ञांच्या नजरेस आणा. असा एक दुर्मिळ रोग आहे ज्यात दमा, इओसिनोफिल आणि हृदयाची इजा खरोखरच एका सूत्रात असतात. स्टेंटच्या धातूचे वावडे असेल का, हा प्रश्न अनेकांना पडतो. ठोस कारणाशिवाय त्याच्या त्वचाचाचण्या करून घेण्यात अर्थ नाही.

मुलीला हे पत्र जरूर वाचायला द्या. आणि आज एक काम करा: त्या वेदनाशामक गोळीचे पाकीट घरात कुठे उरले आहे का, पाहा. मिळाले तर त्यावरचे रासायनिक नाव, तुम्ही गोळी घेतल्याची वेळ आणि गांधी किती मिनिटांनी उठल्या, हे आठवेल तितके लिहून भेटीला जाताना बरोबर न्या. पाकीट टाकून दिले असेल, तर ज्यांनी ती गोळी लिहून दिली किंवा विकली, त्यांच्याकडून नाव मिळवा.